सोमलाचं पाणी

घरातून निघण्याआधी नोरीन बोटातली अंगठी काढून चहाच्या डब्यात टाकत असे. पाद्र्यासमोर नवऱ्याने घातलेली अंगठी. ती रोज सकाळी उतरायची आणि संध्याकाळी पुन्हा चढायची. सुट्टीच्या दिवशी मागच्या परसात ती अंगठी घालूनच वावरे आणि ब्रिस्बेनच्या उन्हाने हात रापत, त्यामुळे बोटावर फिकट कडं उठून दिसे. मग तिची आई, आयव्ही, कपातल्या उरल्यासुरल्या चहात कापसाचा बोळा बुडवून त्या जागी चोळायची.

"हात नीट धर गं. कुणाच्या नजरेला आलं तर?"

"आई, चहाने माणूस रापत नाही."

"तुझी केमिस्ट्री तिकडे ठेव. माझा चहा कडक असतो."

तेव्हा ब्रिस्बेनच्या रस्त्यांवर अजून ट्राम होत्या, खांबांवर उभ्या लाकडी घरांच्या खाली धुणी वाळत, आणि सरकारी नोकरीतल्या मुलीने लग्न केलं की तिने राजीनामा द्यावा असा नियम होता. पुरुषाने लग्न केलं की साहेब त्याच्या पाठीवर थाप मारत. मुलीने केलं की चहा, केक, काट्या-चमच्यांचा एक संच आणि दरवाजा. त्याला अन्याय कोणी म्हणत नसे. रीत म्हणत. रीत म्हटलं की निम्मी माणसं गप्प बसतात.

नोरीनचा नवरा डेस किलब्राइड रेल्वेच्या कारखान्यात होता. लग्नानंतर दोनच महिन्यांत त्याच्या पाठीवर लोखंडी तुळई घसरली. आता तो जेमतेम काठी धरून चाले आणि सासूच्या घरी भाडेकरू म्हणून राही. आपल्याच बायकोच्या घरात भाडेकरू! गल्लीत सगळ्यांना तेच सांगितलेलं. घर नोरीनच्या पगारावर चाललं होतं. आणि खरं सांगायचं तर पगार नसता तरी तिला ते प्रयोगशाळेतलं काम सुटलं नसतं. काचेच्या पेटीतला तो नाजूक तराजू स्थिर होताना बघितला की तिच्या जिवाला स्वस्थता येई. अलीकडे तेवढीच काय ती स्वस्थता होती.

त्या सकाळी ती फाटकाशी आली तर कुंपणापलीकडून पर्सेलकाकूंनी हाक मारली. "आयव्हीबाई, भाडेकरू मोठा नशीबवान हो तुमचा! तुमची लेक त्याचे सदरेसुद्धा इस्त्री करते. आमच्याकडे एखादी खोली द्या की!"

आयव्ही हसली. नोरीनलाही हसायचं होतं, पण पोटातून एकदम ढवळून आलं. ती जास्वंदीच्या झुडपाआड वाकली. सरळ झाली तेव्हा आई तिच्याकडे टक लावून बघत होती.

"किती दिवस झाले?"

"तिसरा महिना लागलाय."

आयव्हीने लेकीच्या कोटाची वरची दोन बटणं लावली, आणि ट्राम आली.

गुरांच्या खात्याची प्रयोगशाळा टेकडीवर होती. त्या मुलखात गोचीड म्हणजे गुरांचा काळ. गोचीड मारायला सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, घातलेल्या पाण्याच्या हौदातून गुरं पोहवून काढत. पण सोमल साध्या पाण्यात सहजी विरघळत नाही, त्याला सोडा घालून उकळावं लागतं. आता एका व्यापाऱ्याने नवी पांढरी पूड आणली होती. गार पाण्यात टाका, काठीने ढवळा, झालं, असं त्याचं म्हणणं. ते खरं असेल तर खेडोपाडीच्या माणसांचे हाल वाचणार होते. खोटं असेल तर न विरघळलेली पूड हौदावर साय धरणार, गुरांची कातडी भाजणार आणि ओलं अंग चाटणारी वासरं मरणार. खात्याची मान्यता मिळण्याआधी ही पूड पाण्यात किती विरघळते ते पाहायचं होतं, आणि ते काम नोरीनकडे आलं.

"पाण्यात मावेल त्याहून जास्त पूड टाक," तिच्या वरिष्ठ मॅडॉकबाई म्हणाल्या. "बाटली कोमट पाण्याच्या टाक्यात ठेव, हलवत राहा. मग निवळू दे. वर तरंगते ती नको, खाली बसते ती नको. मधलं नितळ पाणी नळीने ओढ, आटव आणि मागे काय राहतं ते तोल. लागोपाठ तेच वजन आलं की समज, पाण्याचं पोट भरलं."

थर्झा मॅडॉक पंचवीस वर्षं त्या टेबलाशी उभ्या होत्या. ऐन तारुण्यात एका शिक्षकाने त्यांना मागणी घातली होती. त्यांनी टेबल निवडलं. त्याबद्दल त्या कधी बोलत नसत, आणि दुसऱ्या कोणाची बोलायची छाती नव्हती.

पाणी ओढायची नळी म्हणजे पिपेट. वरच्या टोकाला कापसाचा बोळा घालायचा, तोंड लावायचं आणि चोखायचं. सगळे तसंच करत, विष असो की साखर. नळीला लावायचा रबरी फुगा खणात पडून होता, पण त्याला कोणी हात लावत नसे. त्यालाही कारण होतं. मागच्या वर्षी व्हॅल्मे नावाच्या मुलीने तो मागितला आणि महिन्याभरात कळलं की ती लपून लग्न केलेली आणि पोटुशी आहे, आणि तिची नोकरी गेली. तेव्हापासून कोणी फुग्याकडे नुसतं बघितलं तरी पोरी ओरडत, "काय गं, बारसं कधी?"

पहिल्या दिवशी नोरीनने तोंडानेच ओढलं. निम्मी नळी भरली आणि पुन्हा पोट ढवळलं. श्वास चुकला, पाणी सर्रकन वर चढलं. तिने नळी काढून बघितली. कापूस ओला होता.

तिने चूळ भरली. पुन्हा भरली. जिभेला कसलीच चव नव्हती. सोमलाला चव नसते, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने आई आणि डेसला झाला प्रकार सांगितला. डेसच्या हातातला बटाटा सोलायचा राहिला.

"उद्याच सांगून टाक त्यांना. चुलीत गेली ती नोकरी."

"आणि चुलीवर काय ठेवायचं?" आयव्ही म्हणाली. "दोन-तीन महिने कळ काढ, पोरी. दिसायला लागलं की माझी बहीण आजारी पडेल, तिच्या सेवेला म्हणून रजा घे. टाऊन्सव्हिलची. तिला आजारी पडायची सवय आहे."

"सासूबाई, ती विष चोखतेय!"

"मग नको चोखू म्हणावं! दुसरी काही रीत नाही का त्या पाण्याला?"

नोरीन त्या वाक्यापाशी अडकली. दुसरी रीत. नळी न लावता बाटली हलकेच कलती करायची आणि पाणी गाळणकागदातून ओतून घ्यायचं. कोण बघतंय?

दुसऱ्या दिवसापासून तिने तसंच केलं. मॅडॉकबाई पाठमोऱ्या झाल्या की ओतायची. पूड पिठाहून बारीक; कागदातून थोडी निसटत होती. तिला ते दिसत होतं का? दिसत असावं. पण भ्यालेल्या माणसाला आपल्याला हवं तेवढंच दिसतं. वजनं पहिल्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त आली. व्यापाऱ्याचा माणूस खूश झाला. वेदरॉलसाहेब, म्हणजे मुख्य रसायनतज्ज्ञ, येऊन म्हणाले, "छान विरघळतेय की! आठवडाअखेर मान्यता देऊन टाकू." नोरीन मान हलवत राहिली. घरी तिला जेवण जाईना. डोळे मिटले की वासरं दिसत, आईच्या ओल्या अंगाला जीभ लावणारी.

गुरुवारी मॅडॉकबाई तिच्या टेबलाशी येऊन थांबल्या.

"सोमवारी एवढं कमी, मंगळवारी एवढं जास्त, काल त्याहून जास्त. पाण्याला लहर नसते, नोरीन. एकाच उबेला पाणी तेवढंच धरतं." त्यांनी पिपेट उचलून उजेडात धरली. "आणि ही नळी कोरडी ठणठणीत का?"

नोरीनचं खोटं तयार होतं, जिभेवर होतं. पण त्या खोट्यामागे गुरांचा कळप उभा होता आणि पोटात एक जीव होता, आणि दोघांना एकदम वाचवायचं तर खोटं पुरं पडत नव्हतं.

"मी ओतून घेतलं, बाई. तोंडाने ओढायचं नव्हतं. मला दिवस गेलेत. माझं लग्न झालंय, वर्ष झालं."

शेजारच्या टेबलावरचं कुजबुजणं थांबलं. नोरीनला वाटलं, आता मॅडॉकबाई कडाडणार.

"फुगा का नाही मागितलास?"

"मागितला असता तर काय झालं असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे."

मॅडॉकबाईंनी ती कोरडी नळी टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "मला विचारायचीही सोय नव्हती तुला." त्यांनी खण उघडला, फुगा नळीला बसवला आणि नोरीनच्या हातात दिला. "पहिल्यापासून कर. सगळ्यांदेखत."

शुक्रवार आणि शनिवार सकाळ नोरीनने तेच केलं. कोणी बारशाचं नाव काढलं नाही. वजनं पुन्हा पुन्हा तीच आली, आणि ती इतकी कमी होती की व्यापाऱ्याच्या दाव्यात काही उरलं नाही.

सोमवारी, लग्नाची बातमी कानावर गेल्यावर, वेदरॉलसाहेबांनी दोघींना बोलावलं. साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, "हे बघ मुली, नियम मी केलेला नाही. स्वखुशीने राजीनामा देते असं लिही, शुक्रवारी छानसा चहा करू. माझी बायको लॅमिंग्टन केक पाठवेल."

"मी खुशीने जात नाही, साहेब. तसं लिहिणार नाही."

"मग मला निष्काळजीपणा म्हणून काढावं लागेल. आधीची वजनं चुकलीच होती. मॅडॉक, तुम्ही तसा शेरा द्या."

"नाही देणार," मॅडॉकबाई म्हणाल्या. "चूक तिने केली. तिने सांगितली. तिनेच सुधारली. पण ती चूक जन्माला घातली तुमच्या नियमाने. किती मुलींना मी हसून निरोप दिला इथून! शेरा द्यायचा तर तो मला द्या."

साहेबांनी विषय बदलायला अहवाल पुढे ओढला. खाली सही होती: नोरीन किलब्राइड.

"ही कोण? या नावाची कोणी इथे कामाला नाही. माहेरच्या नावाने, मिस टली म्हणून सही कर, म्हणजे कागद पाठवता येईल. गोचिडांचा मोसम तोंडावर आलाय."

"मिस टली वर्षापूर्वी संपली. तिची सही मी कशी करू?"

"या नावाची बाई इथे नाहीच, असं म्हणता ना?" मॅडॉकबाईंनी विचारलं. "मग साहेब, हे काम केलं कोणी?"

साहेबांनी चष्मा पुसला. अहवाल त्याच सहीने गेला, कारण वासरांना नियमाची वाट बघता येत नव्हती. आणि नोकरी गेली ती गेलीच. एवढ्याने रीत मोडत नाही.

पण नोरीन उठली नाही. "मला कामावरून कमी केल्याचा कागद द्या. खरं कारण लिहून."

"असं लिहायची पद्धत नाही."

"जी गोष्ट करायची पद्धत आहे, ती लिहायची का नसावी? मी बसते इथेच."

दुपारपर्यंत ती बसून राहिली. शेवटी साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. टंकायला देण्याची त्यांना लाज वाटली असावी.

"वाचून दाखवा, साहेब."

त्यांनी वाचलं. "काम उत्तम, सचोटी निर्विवाद." मग पुढच्या ओळीवर आले. "सदर बाई विवाहित..." पुढचे 'असल्यामुळे कमी केले' हे शब्द त्यांच्याच अक्षरात समोर होते, तरी वाचवेनात. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्या खोलीत कोणाला ते वाक्य मोठ्याने म्हणायची वेळ आली होती.

नोरीनने कागद घेतला. मॅडॉकबाई हॅट घालून दाराशी उभ्या होत्या.

"घरी चाललीस?"

"नाही बाई. वर्तमानपत्राच्या कचेरीत."

"थांब," मॅडॉकबाई म्हणाल्या. "माझ्याकडे व्हॅल्मेचा पत्ता आहे. आधी तिला सोबत घेऊ."