सहावं नाव

कारभारी सानपनं सहावं नाव वाचलं आणि साहेबांच्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहिलं.

"भिमाबाई पगारे."

बोट टेबलावरून उचललं गेलं नाही. वैशंपायन साहेबांनी डोळे मिटले, दोन क्षणांनी उघडले आणि टपालाचा गठ्ठा पुढे ओढला. म्हणजे सुपरवायझरनं आता निघावं.

सातपूरच्या त्या स्विचच्या कारखान्यात साहेब सहसा बोलत नसत. मान हलली तर होय, नाही हलली तर नाही, एवढ्यावर अडीचशे माणसांचं काम अकरा वर्षं बिनबोभाट चाललं होतं. पण पंधरा दिवसांपूर्वी साहेबांच्या मानेनंच संप पुकारला. डॉक्टरांनी गळ्याला पट्टा बांधला आणि मानेचं काम बोटाकडे आलं. पहिल्या पाच नावांना बोट व्यवस्थित उचललं गेलं होतं. मिटलेल्या डोळ्यांचा अर्थ काय, हे मात्र कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

परत विचारायची सोय नव्हती. कारभारीच्या आधीच्या सुपरवायझरनं एकदा, फक्त एकदाच, "करू ना साहेब?" असं दुसऱ्यांदा विचारलं होतं. तो अजून मागच्या शेडमध्ये भंगार निवडत होता.

यादी टेंपररी बायकांना कायम करण्याची होती. सात महिने काम, मग ब्रेक, मग नवं कार्ड, असं भिमाबाईंचं पाच वर्षं चाललं होतं. नवरा गेलेला, दोन मुली शाळेत. आणि या वेळी मुंबईच्या ऑफिसनं कळवलं होतं की यादीत नसलेल्यांची कार्डं पुन्हा काढायची नाहीत.

कारभारी थेट टाइम ऑफिसात गेला. टाइमकीपर शफी हजेरीची कार्डं लावत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"डोळे घट्ट मिटले की हलके?"

"आता ते कुठं बघत बसू?"

"हलके असतील तर मंजूर. आमचे अब्बा असेच करायचे."

"आणि घट्ट असतील तर?"

"मग राग आला असणार." शफीनं मान खाजवली. "सानपभाऊ, खरं सांगू? मला काही कळत नाही. तुम्ही विचारून या."

"तू ये विचारून."

शफी पुन्हा कार्डं लावायला लागला.

कारभारी यादी घेऊन बराच वेळ बसला. नको असलेलं नाव राहिलं तर साहेब आपल्याला फाडून खातील. हवं असलेलं नाव गेलं तर... तर काय, एक बाई जाईल. हा विचार मनात आला तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटली. पण पेन्सिल उचललीच होती. त्यानं नाव खोडलं, आणि खोडल्यावर खरोखर हायसं वाटलं. पाच नावांची यादी टाइप होऊन आली, साहेबांनी सही केली, कागद मुंबईला गेला.

भिमाबाई गेटजवळ उभ्या होत्या.

"भाऊ, काय म्हनले साहेब?"

"नाही झालं."

"माझं काय चुकलं, तेवढं म्हनले का?"

"साहेबांची मर्जी," कारभारी म्हणाला.

त्यांनी पदर सावरला, डबा काखेत धरला आणि वाद न घालता निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात साहेबांचा पट्टा सुटला. ते असेंब्लीत फेरी मारायला आले आणि एका रिकाम्या स्टुलापाशी थांबले.

"इथली बाई?"

साहेब तोंडानं बोलले याचाच कारभारीला आधी धक्का बसला.

"भिमाबाई? साहेब, त्या दिवशी यादीत... तुम्ही..."

"यादीत पाचच नावं आली. मला वाटलं ती सोडून गेली." साहेबांनी मान जपून डावीकडे वळवली. "चांगलं काम होतं तिचं. ठीक आहे, आता यादी गेली." आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले.

"म्हणजे त्या दिवशी तुमचं होय होतं का?" हे वाक्य कारभारीच्या ओठांपर्यंत आलं. तिथंच राहिलं.

रविवारी सकाळी तो भिमाबाईंचं घर शोधत गेला. त्यांनी त्याला पाहून घाईघाईनं खुर्ची पुसली, आणि तो नको नको म्हणत असताना चहा टाकला. कप हातात येईपर्यंत कारभारी जमिनीकडे बघत होता.

"भिमाबाई, साहेबांनी नाही. तुम्हाला मी काढलं."

त्या चक्क हसल्या.

"तुमी? भाऊ, तुमच्या हातात काय हाय?"

"खरं सांगतोय. साहेब काही बोललेच नव्हते. नाव मी खोडलं."

"आसं कुटं आसतं व्हय? साहेबाबिगर तितं पंखा बी लागत नाय." त्यांचा आवाज समजुतीचा झाला. "तुमाला वाईट वाटलं, मला कळतंय. पर दुसऱ्याचं आपल्या आंगावर घेऊ नये."

"मी उद्या साहेबांना जाऊन सांगतो. माझ्याकडून चूक झाली, नवा कागद पाठवा, असं स्पष्ट सांगतो."

आता मात्र भिमाबाई घाबरल्या. नोकरी गेली त्या दिवशी गेटवरसुद्धा त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.

"नका, भाऊ. तुमचं बी जाईल. तुमाला बी लेकरं हायेत." त्या दार लोटून आल्या. "माझं मी बगीन, चार घरची भांडी धरीन. तुमी काय बोलू नका तितं. मला शब्द द्या."

कारभारीनं तोंड उघडलं. त्या समोर हात जोडून उभ्या होत्या.

"च्या घ्या," भिमाबाई म्हणाल्या.

कारभारीनं निमूटपणे कप तोंडाला लावला.