भिंगाखालचं गाजरगवत

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला दुकान बंद केल्यावर बायकोनं मागची बाग सोपवली. "फुलझाडं सोडून बाकी सगळं उपटा," एवढंच सांगितलं. घड्याळजींनी एका सकाळीच नळापासून कुंपणापर्यंतची जागा लख्ख केली. जुना स्क्रूसुद्धा फेकायची सवय नाही. म्हणून उपटलेल्यातलं प्रत्येक प्रकारचं एकेक रोप त्यांनी रद्दीच्या कागदात दाबून ठेवलं.

महिन्याभरात त्या मोकळ्या मातीत कातरलेल्या पानांची रोपं तरारली.

"माझी वाळून गेलेली शेवंती परत फुटली बघा!" बायको हरखली. रोज पाणी घालू लागली, पानं चाचपू लागली. मग तिच्या हातांना खाज सुटली, मनगटं लालबुंद झाली. डॉक्टरांनी दोन मलमं बदलली, साबणही बदलायला लावला. ढिम्म फरक नाही.

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं. पानांवर बारीक लव होती. चुरडून पाहिलं, तर शेवंतीचा वास नाही.

"अगं, ही शेवंती नाही वाटत."

"तुम्ही बोलूच नका. तुम्हाला पालक आणि मुळ्याचा पाला एकच वाटतो!"

घड्याळजींनी त्यातलं एक रोप उपटलं. ते रोप आणि रद्दीतली घडी घेऊन ते कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या मॅडमकडे गेले.

"हे गाजरगवत. खाज याचीच असणार," मॅडम म्हणाल्या. "हातमोजे घालून, फुलायच्या आत उपटा." मग घडी उलगडली. "हा केना. इथलाच आहे, परत उगवला तर राहू द्या. आणि ही शेवंती! ही का उपटलीत?"

घड्याळजींचा चेहरा पडला.

गप्प बसलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. वाटेत हा विचार दोनदा त्यांच्या मनात आला. पण घरी येऊन त्यांनी कागद बायकोपुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे इतके दिवस मी तणाला पाणी घातलं, ते तुमच्यामुळे?"

"हो."

दुपारी हातमोजे चढवून तिनं एकूण एक रोप मुळासकट काढलं. घड्याळजींनी पोती भरली. हात बरे व्हायला तीन आठवडे लागले.

मग बहिणीकडून शेवंतीची नवी रोपं आणून तिनं प्रत्येकाशेजारी काडी खोवली.

"काडी असलेल्याला हात लावायचा नाही."

"आणि काडी नसलेल्याला?"

"आधी मला विचारायचं." तिनं शेवटची काडी मातीत घट्ट दाबली. "मलाही नाही कळलं, तर दोघं जाऊ मॅडमकडे."