मी काय पडद्याची दांडी आहे?

मित्रांनो, मी एक जुनी, हलकी गळाची काठी आहे, आणि सगळ्यात आधी या घरच्या लेकाबद्दलची माझी तक्रार ऐका. सुतार म्हणवतो स्वतःला! त्याने माझं रीळ काढलं, मला खिडकीवर दोन खिळ्यांत आडवी अडकवली आणि अंगावर फुलाफुलांचा पडदा टांगला. येणारी-जाणारी माणसं पडद्याचं कौतुक करायची. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहील तर शपथ!

अहो, मी रस्त्यात सापडलेली काठी नव्हे. एका म्हाताऱ्या कारागिराने बांबूच्या बारीक कामट्या तासून, सांधा दिसणार नाही अशा चिकटवून मला घडवलं. दोरा ओवायला कड्या बसवल्या, त्या रेशमाने बांधल्या. बुडाशी अंगठ्याएवढी जाड, शेंड्याला सुतळीएवढी. बाईंनी, म्हणजे या सुताराच्या आईने, मला निवडलं तेव्हा त्या नुकत्या लग्न होऊन आल्या होत्या. दुकानदार त्यांच्यापुढे जाडजूड काठ्या आपटत होता.

"ताई, ही घ्या. बैल बांधला तरी मोडायची नाही."

"मला बैल नाही बांधायचा. पाण्याच्या वरवर खाणारा कार्प मासा धरायचाय."

बाईंनी माझा शेंडा छताला टेकवून दाबला. मी कमरेपर्यंत लवले.

"हिला मोठा मासा मोडून ठेवील हो!"

"कशी मोडेल? ही त्याच्याशी भांडतच नाही. त्याच्यासोबत जाते आणि दमवून परत आणते."

पुढे खाणीच्या तळ्यावर आमचं राज्य होतं. गळाला पावाचा कडेचा तुकडा लावायचा, बस्स. दोऱ्याला शिशाचं वजन बांधायचं नाही. तुकडा तरंगतो, कार्प खालून येतो, जाड ओठ वर काढतो आणि पुच् करून तुकडा आत घेतो. तेव्हा कुणी हिसका मारला की गळ ओठ फाडून निघून येतो. मी लवते, म्हणून ओठही टिकतो नि दोराही. माझ्यामुळे या घरची पोरं मासे खाऊन धष्टपुष्ट झाली. तो सुतारसुद्धा!

मग बाईंचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हातातला जोर काही परतला नाही. लेकाने कौतुकाने नवी काठी आणली. कशी? तर मुसळासारखी! बाईंना ती धड उचलवेना.

"बघ, होत नाही ना तुला?" तो म्हणाला. "आता पुरे झालं ते तळं. घरात आरामात बस."

मायेने बोलला, म्हणून बाईंनी गिळलं. त्याच दिवशी मी खिडकीवर चढले. बाई समोर बसून पडद्याकडे बघत राहायच्या. मला वाटलं, संपलं आमचं दोघींचं.

एवढ्यावर थांबला असता तर सुतार कसला? पडदा एका बाजूला झुकतो म्हणून स्वारी करवत घेऊन आली. "हा शेंडा उगाच लवतो. वीतभर उडवला की कशी ताठ राहील बघा!"

माझा शेंडा! म्हणजे माझा जीवच की!

"करवत खाली ठेव," बाई म्हणाल्या.

आतून सूनबाई ओरडली, "अहो, ठेवा लवकर! हा आवाज ओळखीचा आहे माझ्या."

"पडदा उतरव. तू तुझी काठी घे, मी माझी घेते. मला मासा मिळाला नाही तर घरात बसेन, वर तोंडही उघडणार नाही."

बाईंनी माझं रीळ परत बसवलं. तळ्यावर लेकाने शिसं बांधून गळ फेकला. धप्पकन आवाज झाला आणि काठचे सगळे मासे पसार! शिसं काढलं, तर त्या मुसळाने नुसता पाव पुढे जाईना. शेवटी लव्हाळ्याशी वाकून त्याने तुकडा हातानेच सोडला. कार्पने घेतलाही. याने असा हिसका मारला, जणू दारातला खिळाच उपटतोय. गळ रिकामा.

बाईंनी मला अलगद झुलवलं. तुकडा पिसासारखा पडला. पाणी पुन्हा शांत झालं, ओठ वर आले, पुच्! बाई क्षणभर थांबल्या, मग मला उचललं. मासा सुसाट निघाला. मी बुडापर्यंत वाकले. बाईंचं मनगट थरथरायला लागलं.

"आई, दे इकडे!"

"हात लावशील तर बघ!"

त्यांनी मला डाव्या हातात घेतलं, बूड पोटाशी टेकवलं. मासा ओढायचा, आम्ही दोरा सोडायचो. तो दमायचा, आम्ही गुंडाळायचो. अखेर तो कुशीवर कलंडला आणि मुकाट जाळीत आला.

मित्रांनो, एवढंच मागते. आमच्यासारख्या काठ्या वापरून झाल्या की कोरड्या पुसा, उभ्या टांगून ठेवा. आणि जे लवतं ते कामातून गेलं असं समजून करवत शोधू नका.

लेकाने जाळीत वाकून मासा पाहिला. मग हळूच म्हणाला, "आई, उद्या मी नेऊ का ही?"

बाईंनी मला पदराने पुसलं आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"तुला नुसतं ओढता येतं रे, सोडता येत नाही. ते शिकेपर्यंत हिला हात लावायचा नाही, आणि मी कुठे जायचं तेही मला सांगायचं नाही. उचल ती जाळी!"