बिनब्रेकचं रीळ

मर्व्हच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर गळाची दोन रिळं ठेवलेली होती आणि इव्हर नेस्टेगार्ड गेली वीस मिनिटं त्यांच्याकडे आलटूनपालटून बघत उभा होता. दोन्ही स्वस्तातली. पेन्शनीत याहून वरचं बसत नव्हतं, आणि जुनं रीळ नोव्हेंबरातच गेलं होतं. स्टॅम्प नदीच्या काठावर इव्हरला अर्धांगाचा झटका आला, तो दगडांवर कोसळला, आणि रीळ त्याच्या अंगाखाली सापडून वाकडं झालं. इव्हर वाचला. डावा हातही हलायला लागला, पण मनगटाखाली त्याला काही म्हणता काही जाणवत नव्हतं.

"हे घे," मर्व्ह म्हणाला. "यात ब्रेक आहे. मासा पळाला की आपोआप आवळतं. तू नुसती मूठ फिरवायची."

"रीळ कसलं, अंडीफेटणी ही!" इव्हर खेकसला. "चाळीस वर्षं काढली त्या नदीवर. हे घेऊन उभा राहिलो तर काठावरचे लॉइड आणि मंडळी हसून हसून पाण्यात पडतील."

"पडू देत की. पाणी गार आहे, डोकी थंड होतील मेल्यांची."

दुसरं रीळ म्हणजे दांड्यावर मोकळी फिरणारी थाळी, ती फिरवायला कडेला दोन बोंडं, बस्स. ब्रेक नाही, काही नाही. दोरीवरचा तरंगता फ्लोट प्रवाहाबरोबर सोडायचा, आणि मासा पळाला की थाळीच्या कडेला डावा तळहात टेकवायचा. तो तळहात हाच ब्रेक.

"आणि हात?" मर्व्हने विचारलं. "कळतं ना त्याला?"

"हाताला काय धाड भरलीय? सगळं कळतं."

खोटं! साफ खोटं. महिनाभर फोनवर तो सिग्नेलाही हेच सांगत होता. सिग्ने म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी, कॅल्गरीला असते. डॉक्टरांनी तिला स्पष्ट बजावलं होतं की हाताला संवेदना नसलेल्या माणसाने लाकडाच्या शेगडीवर आणि कुऱ्हाडीच्या जिवावर एकट्याने राहायचं नाही. शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे बाबा. रविवारी येते. माझ्यासमोर एक स्टीलहेड मासा काढून दाखव, कुणाची मदत न घेता. मग मी तोंड उघडणार नाही. नाहीतर घर विकायचं आणि माझ्याकडे यायचं."

पोरगी त्याच नदीवर वाढलेली. बापाच्या हातात अंडीफेटणी दिसली असती तर तिला न सांगताच सगळं कळलं असतं. लॉइडचं हसणं परवडलं असतं, ते नाही. इव्हरने बिनब्रेकचं रीळ उचललं.

रविवारी नदी हिरवट आणि बेताची भरलेली होती. काठावर बर्फ होता. सिग्ने कोटाची टोपी ओढून मागे उभी राहिली. पलीकडून लॉइड ओरडला, "काय रे इव्हर, मेला नाहीस अजून?"

"तुला पोचवून मग जाणार!"

उजव्या हाताने त्याने गळाला गाभोळी लावली आणि फ्लोट सोडला. डावा हात थाळीवर नीट ठेवलाय की नाही हे त्याला बघून ठरवावं लागत होतं. पंधराव्या का सोळाव्या फेरीला फ्लोट गडप झाला. त्याने काठी खेचली आणि मासा सुटला तो थेट खालच्या वळणाकडे. रिवाजाप्रमाणे लॉइड आणि मंडळींनी त्याला वाट द्यायला भराभर आपापले तंगूस गुंडाळून घेतले.

आता मासा बघायचा की हात? इव्हरने मासा बघितला. चाळीस वर्षांची सवय ती, हात आपोआप कडेवर गेला. थाळी गरगरली, मंदावली, पुन्हा गरगरली. मासा उडी मारून आडवा आपटला आणि इव्हर मोठ्याने हसला. नोव्हेंबरपासून पहिल्यांदाच हसला म्हातारा! वीस मिनिटं झुंज चालली. मग त्याने मासा उथळ पाण्यात आणला, शेपटीला धरून बर्फावर ओढला आणि गुडघ्यांवर बसला.

"बघितलंस? कुणी हात लावला का?"

सिग्ने माशाकडे बघतच नव्हती. इव्हरची बाही कोपरापर्यंत लाल झाली होती. उलट्या फिरणाऱ्या बोंडांनी त्याची बोटं फोडून काढली होती, एक नख तर जागेवरच नव्हतं, आणि बर्फावर टपटप थेंब पडत होते.

"माशाचं रक्त आहे," तो म्हणाला.

"माशाला खरचटलेलंसुद्धा नाही, बाबा."

"मग लागलं असेल थोडं. लागतं. तुला माहीत नाही का?"

"दुखतंय?"

"दुखणारच ना! माणूस आहे मी."

सिग्ने त्याच्यासमोर खाली बसली. "हात पुढे कर. आणि डोळे मीट."

"कसला पोरखेळ लावलायस?"

"मीट ना, बाबा."

त्याने हात पुढे केला आणि डोळे मिटले. नदीचा आवाज तेवढा येत होता.

"आता?" सिग्नेने विचारलं. "आता दुखतंय?"

"आई गं! हळू," इव्हर कळवळून म्हणाला. "हळू दाब की. जीव जाईल माझा."

मग त्याने डोळे उघडले. सिग्ने रडत होती आणि तिचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते.