छत्तीस ठोके

मित्रांनो, मी एक जुनी पायरी आहे. पण माझ्यावरून कोणी कुठे पोहोचत नाही, कारण माझ्यापुढे जिना नाही. गुडघ्याएवढ्या उंचीची, पेटीसारखी मी एकटीच अग्निशमन केंद्राच्या गाडीखान्यात भिंतीला टेकून असते. रोज सकाळी जवान माझ्यावर चढतात, उतरतात, पुन्हा चढतात. मिनिटाला चोवीस वेळा, सलग पाच मिनिटे. मग धापा टाकत माझ्यावरच बसतात.

एका सुताराने जुन्या दाराच्या फळ्यांतून मला बनवले. "हिच्यावर हत्ती नाचला तरी ही मोडायची नाही," म्हणत त्याने माझ्या पाठीवर थाप मारली होती. हत्ती आला नाही, माणसे मात्र पुष्कळ आली. त्यांची शरीरे मी त्यांच्या तळव्यांवरून ओळखायला शिकले. नवा जवान दुसऱ्याच मिनिटाला अडखळतो. तो बसला की त्याच्या छातीतली धडधड माझ्या फळीपर्यंत उतरते आणि बराच वेळ थांबत नाही. दोन महिन्यांनी तोच माणूस पाच मिनिटे चढतो, बसतो, आणि ठोके लवकर शांत होतात.

असे का होते, ते दरवर्षी तपासणीला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एकदा समजावले. "नियमित व्यायामाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. म्हणून बसल्या जागी त्याला कमी ठोके पुरतात. स्नायूंमध्ये केसाहून बारीक नव्या रक्तवाहिन्या तयार होतात. पण दोन-तीन आठवडे आळस केलात, की शरीर हे सगळं परत घ्यायला लागतं." मग त्या म्हणाल्या, "नाडी दोनदा मोजा. चढण्याआधी आणि चढल्यावर लगेच. दोन्ही आकडे फळ्यावर लिहा."

जवानांनी लिहिले, पण पहिल्या आकड्याची शर्यत लावली. ज्याची बसल्या जागची नाडी सर्वांत कमी, त्याची त्या दिवशी पाइप धुण्यातून सुटका. दुसऱ्या आकड्याला बक्षीस नव्हते. काही महिन्यांत तो रकाना रिकामा राहू लागला आणि एक दिवस पुसलाच गेला.

शर्यत नेहमी एकच जण जिंकायचा. वय सत्तेचाळीस, शिडीवर सर्वांत आधी चढण्याचा मान त्याचा. नाडी वर्षानुवर्षे पन्नास, म्हणून सगळे त्याला कासव म्हणत. गाडीचा चालक हा त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ.

"दाजी, तुम्ही पाइप धुवायचं टाळता हे ताईला कळलं ना, तर घरची भांडी तुमच्याकडे येतील," चालक म्हणायचा.

"आधीच आलीत," कासव म्हणायचा.

त्या हिवाळ्यात पन्नासचे चव्वेचाळीस झाले, मग चाळीस, मग छत्तीस. रोज टाळ्या वाजत. "दाजी, आता तुमची नाडी शोधायला टॉर्च लागणार," चालक हसला.

मला मात्र भीती वाटू लागली होती. कासवाचे पाऊल जड पडत होते. तिसऱ्या मिनिटाला तो बुटाची लेस बांधायला वाके आणि भिंत धरून उठे. एकदा तो डोळे मिटून तसाच उभा राहिला. सर्वांत भयंकर गोष्ट मला तो बसल्यावर कळे. कष्ट पडले की निरोगी हृदय धावते. हे हृदय धावतच नव्हते. चढण्याआधी छत्तीस, चढल्यावरही छत्तीस.

मी पडले लाकूड. सांगणार कोणाला? आणि कासव सांगणार नव्हता. वार्षिक तपासणी आठ दिवसांवर होती. तीत नापास झाला, तर शिडी हातातून जाणार होती. "थंडीने गुडघे धरलेत," एवढेच तो म्हणे.

एका सकाळी कासव चढून बसला असताना चालकाने गमतीने त्याचे मनगट धरले. मोजता मोजता त्याचे हसू गेले. त्याने पुन्हा मोजले.

"दाजी, तुम्ही आत्ता चढलात ना?"

"चढलो की. तुझ्यासमोरच."

"मग हे छत्तीसच कसे?"

तेवढ्यात घंटा वाजली. कुठल्याशा इमारतीत चौथ्या मजल्यावर माणसे अडकली होती. सगळे धावले. कासवही गाडीत चढला. चालक आपल्या जागेवर बसला, पण त्याने गाडी सुरू केली नाही.

"दाजी, खाली उतरा."

"वेड लागलंय का? लोक अडकलेत तिकडे."

"म्हणूनच सांगतोय. उतरा, नाहीतर चावी फिरवत नाही."

"घरी बघतो तुझ्याकडे."

"बघा. घरी भेटलात म्हणजे झालं."

कासव उतरला. गाडी गेली. रिकाम्या गाडीखान्यात तो माझ्यावर येऊन बसला आणि पुटपुटत मेहुण्याला शिव्या देऊ लागला. मी त्याचे ठोके ऐकत होते. छत्तीस. मग तीस. मग एक ठोका पडला आणि पुढचा आलाच नाही. मी वाट पाहिली. कासव माझ्या कडेवरून घसरून फरशीवर पडला. तेव्हा कुठे पुढचा ठोका पडला असावा, कारण केंद्राचा टेलिफोन घेणाऱ्या बाई पडल्याचा आवाज ऐकून धावत आल्या तेव्हा तो कण्हत होता. नंतर कळले, तिकडे त्याच वेळी त्याच्या जागी दुसरा जवान शिडीच्या टोकावर होता.

कासव वाचला. डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी फळ्यावरचे आकडे वाचले. "त्याच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा निरोप खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचत नव्हता," त्या म्हणाल्या. "हे व्यायामाने कमावलेले ठोके नव्हते. तुम्ही आजाराला टाळ्या वाजवत होता." आता कासवाच्या गळपट्टीच्या हाडाखाली ठोके चालू ठेवणारे एक छोटे यंत्र आहे. शिडी सुटली, तो टेलिफोन घेतो.

आता चालक रोज प्रत्येकाची नाडी दोनदा मोजतो. दोन्ही आकडे लिहिल्याशिवाय कोणाला गाडीत चढू देत नाही. सगळे त्याचे कौतुक करतात.

पण मित्रांनो, तो स्वतः सगळे गेल्यावर माझ्यावर चढतो. त्याचे ठोके दोन-तीन मिनिटांत खाली यायचे. गेले तीन आठवडे दहा मिनिटे झाली तरी ते धावतच असतात. तो घाम पुसतो, मनगटाला हातही लावत नाही, आणि स्वतःच्या नावापुढे दोन चांगलेसे आकडे लिहून टाकतो.

शरीर घडवायला महिने लागतात. त्याचे ऐकायला एक मिनिट पुरते, पण ते मिनिट कोणीतरी द्यावे लागते. उद्या सकाळी तो पुन्हा येईल. मला हात नाहीत. तुमच्यापैकी कोणीतरी त्याचे मनगट धरा.