मुद्दाम चुकलेली कॉलर

निवृत्त झालेला माणूस चार-आठ दिवस जुन्या जागी डोकावतो, चहा पितो आणि हळूहळू यायचा थांबतो. आमच्या कोट शिवायच्या कारखान्यातले सगळे असेच थांबले. आमचे जुने कटर मास्तर मात्र थांबेनात. आठ महिने झाले, अकराच्या ठोक्याला तीन जिने चढून धापा टाकत हजर!

येऊन गप्प बसले असते तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण ते थेट कटिंगच्या टेबलाशी जायचे, नव्या कटरबाईंचं स्टूल ओढून बसायचे आणि सुरू. हा खडू जाड झालाय, ही कात्री कोणी बोथट केली, कापड असं अंथरतात का. कटरबाई इतके दिवस दातओठ खाऊन गप्प राहिल्या. गुरुवारी मात्र त्यांनी मालकीणबाईंना सांगून टाकलं, "सोमवारपासून त्या स्टुलावर एकतर ते बसतील, नाहीतर मी." अशी कटर शोधून सापडायची नाही. मालकीणबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "तूच सांग त्यांना. तुला त्यांनीच घडवलंय ना?"

घडवलंय, म्हणूनच तर जीभ रेटत नव्हती. एरवी मी कुणाची भीडभाड ठेवणारी नाही. पण सतराव्या वर्षी माझ्या हातात सुई देऊन, एकेक टाका शंभरदा उसवायला लावून ज्यांनी मला कॉलर बसवायला शिकवली, त्यांना 'येऊ नका' कसं म्हणायचं?

शिवाय यात माझंही पाप होतंच. निवृत्तीनंतर पहिल्यांदा आले तेव्हा ते रिकामे हात मांडीवर ठेवून बसले होते. मला बघवेना. मी एका कोटाची कॉलर मुद्दाम उजवीकडे जराशी ढिली बसवली आणि म्हटलं, "मास्तर, बघा ना, जमत नाहीये." त्यांनी ती उसवून नीट बसवली. मला बरं वाटलं. तेव्हापासून रोज एक कॉलर मी त्यांच्यासाठी बिघडवून ठेवत होते.

शुक्रवारी ते आले, गुडघा चोळत क्षणभर बसले, मग पुतळ्यावरच्या कोटाच्या कॉलरमागे बोट घालून त्यांनी पाहिलं. नीट बसलेल्या कॉलरमागे बोट शिरत नाही; हे शिरलं. "परत उजवीकडेच सुटलीय गं."

"मास्तर, उद्यापासून येऊ नका." गोड बोलायची सगळी तयारी पाण्यात गेली. कटरबाईंची कात्री थांबली.

मास्तरांनी कॉलरमधलं बोट काढलं नाही. "आणि हिचं काय करशील?"

"ती मी मुद्दाम बिघडवते."

"रोज?"

"रोज. तुमच्या हाताला काम हवं म्हणून." मला रडू यायला लागलं होतं आणि त्याचाच राग येत होता.

त्यांनी कॉलरमधून बोट काढलं. मग म्हणाले, "लेक केव्हाची बोलावतेय तिच्याकडे राहायला. दोनदा तिकीट काढलं, दोनदा परत केलं. म्हटलं, माझ्या हाताखालची सगळ्यात हुशार पोर, आणि तिला कॉलर येत नाही. म्हणजे शिकवण्यात मीच कुठेतरी कमी पडलो. असं अर्धवट टाकून जाऊ कसा?"

मी मान खाली घातली. मी त्यांना काम देत होते आणि ते माझ्यापायी गुडघे झिजवत होते!

"बसवून दाखव," ते म्हणाले.

मी कॉलर उसवली. हजारदा केलेलं काम, तरी एकेक टाका मोजून घातला. शेवटचा टाका घातल्यावर मास्तरांनी मागून बोट घालून पाहिलं. बोट आत जाईना.

"सुटलो!" ते इतक्या मोठ्याने हसले की मालकीणबाई बाहेर आल्या. "अगं गाढवे, पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?" मग त्यांनी स्टूल कटरबाईंकडे सरकवलं. "घ्या बाई, सांभाळा तुमचं. पण तो खडू खरंच जाड झालाय." कटरबाई हसल्या आणि खडू घासायला लागल्या. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

सोमवारी अकरा वाजता माझी नजर सवयीने दाराकडे गेली. दार उघडलं नाही. मास्तर एव्हाना लेकीकडे पोचले असतील. मी पुढचा कोट घेतला आणि कॉलर नीट बसवली. तपासायला कोणी नव्हतं, म्हणून मीच मागून बोट घालून पाहिलं. आत जात नव्हतं.