सिनेमातली चौथी गोष्ट

माझी बायको प्रेमा जाऊन दीड वर्ष झालं होतं, तेव्हा तिचा सिनेमा लागला. तिचा म्हणजे, ती त्यात गर्दीत होती. ब्याऐंशीला संप सुरू झाला, गिरणीचा पगार थांबला आणि आमच्या वाकोल्याच्या चाळीतल्या सगुणाबरोबर प्रेमा एक्स्ट्राच्या कामाला जायला लागली. वर्सोव्याहून होडीने मढला जायचं आणि दिवसभर उन्हात उभं राहायचं. मढच्या माडांनाच कुठलंसं लांबचं बेट करून तिथे शूटिंग चाललं होतं. त्याच वर्षी दिवाळीनंतर ती गेली. पोटात गाठ होती.

मी अंधेरीच्या थिएटरात दुपारच्या खेळाला एकटाच गेलो. घरी तिचा एकच फोटो, तोही लग्नातला. मला तिला चालता-बोलताना बघायचं होतं.

सिनेमात बेटावर एक खून होतो. मग तीन गोष्टी चालतात: एक स्मगलरची, एक हॉटेलात गाणाऱ्या बाईची, एक बदली होऊन आलेल्या इन्स्पेक्टरची. एका गोष्टीतला माणूस मध्येच दुसऱ्या गोष्टीत दार उघडून आत येतो. मला त्यातलं फार कळलं नाही. मी मागची माणसं बघत होतो.

पहिल्या गोष्टीत धक्क्याला लाँच लागते. उतरणाऱ्यांत प्रेमा होती, हसत. तिच्या शेजारी गुणाजी होता.

गुणाजी माझ्या गावचा, कुडाळकडचा. आम्ही गिरणीत एकाच खात्यात कापड विणायचे साचे चालवले. संपात तो रोज सांगायचा, मी युनियनच्या ऑफिसात बसतो. मढचं नाव त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. आणि येत्या रविवारी त्याच्या विद्याधरचा माझ्या विमलाशी साखरपुडा होता. प्रेमाच हॉस्पिटलात म्हणाली होती, "विमलाला गुणाजी भावोजींच्या घरात द्या. दुसरीकडे बघू नका." तेव्हा मला वाटलं, चांगलं घर बघून म्हणते.

दुसऱ्या गोष्टीत हॉटेलातली बाई गात असते. मागच्या टेबलावर ती दोघं बसलेली. प्रेमा वाकून त्याच्या कानात काहीतरी सांगते, तो मान हलवतो. तिसऱ्या गोष्टीत लाँच सुटते आणि प्रेमा धक्क्यावर पदर तोंडाला लावून रडते. लोक खून कोणी केला ते बघत होते. मला एक चौथीच गोष्ट दिसत होती.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. नंतर आणखी एकदा. तिकिटाच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "काका, खुनी तोच आहे हां. बदलला नाय."

विमला म्हणाली, "बाबा, आईला बघायला जाताय ना? मला पण न्या की."

"सिनेमा बेकार आहे," मी म्हटलं.

सगुणा नळावर पाणी भरत होती. तिला विचारलं, "प्रेमाबरोबर गुणाजी शूटिंगला यायचा?"

तिने नळ बंद केला. "जोड्या लावतात हो, भाऊजी. असिस्टंट येतो, तू हिचा नवरा, तू तिचा भाऊ, बसा इथे. मला एकदा पारशाची बायको केली होती."

"आणि ती रडते ते?"

"ते रडणं पहिल्या दिवसाचं. हसणं नंतरचं. सिनेमा उलटासुलटा काढतात."

"रडू यायला डोळ्यांत काही घातलं होतं?"

सगुणाने कळशी कमरेवर घेतली. "ते गुणाजी भाऊजींना विचारा. मला तिने शपथ घातली होती."

आधी रडली, मग हसली. म्हणजे मध्ये काहीतरी ठरलं होतं. मी तडक गुणाजीकडे गेलो. तो स्टुलावर चढून खोलीला चुना लावत होता, येणाऱ्या सुनेसाठी.

"ये रे व्याही! बघ, कशी झकास दिसते खोली."

"खाली उतर. मढचा सिनेमा बघितला मी."

तो उतरला. कुंचला बादलीत टाकला. "मेल्या, तो लागला पण?"

"युनियनच्या ऑफिसात बसायचास ना तू?"

"बसायचो. मधे मधे नाही बसलो. घरात चूल पेटायची होती. तुला सांगितलं असतं तर हसला असतास."

"कानात काय सांगत होती ती तुला?"

त्याने दार लोटलं. "पहिल्या दिवशी ती धक्क्यावर मटकन खाली बसली आणि रडायला लागली. असिस्टंट खूश. म्हणाला, हेच पाहिजे, आणि कॅमेरा फिरवला. आदल्या दिवशी डॉक्टरने तिला गाठ सांगितली होती."

"शूटिंग तर मे महिन्यातलं."

"हो."

मला तिने दिवाळीच्या तोंडावर सांगितलं होतं.

"ती म्हणाली, ह्यांना कळलं तर संप मोडून कामावर जातील, चाळ तोंडावर थुंकेल. आणि एवढं करून मी वाचेनच असं नाही. माझ्या विमलाचं तेवढं बघा. हॉटेलात तेच विचारत होती. मी हो म्हटलं."

"म्हणून मग हसत होती?"

"असेल."

"असेल म्हणजे काय?"

"आवशीची शपथ, शिवदास, एवढंच होतं. नाक्यावरच्या डॉक्टरला विचार जा. अजून तिथेच बसतो तो."

मी गेलो. दवाखान्यात बाकावर बसलो. गुणाजी खोटं बोलला असेल तर विमलाचं लग्न मोडायचं. खरं बोलला असेल तर प्रेमाने अख्खा पावसाळा माझ्या शेजारी बसून भाकऱ्या थापल्या आणि मला सांगितलं नाही, त्याला सांगितलं. कुठलं निघालं तर मला बरं वाटेल, तेच ठरेना. कंपाउंडरने हाक मारली, "चला काका, काय होतंय?"

"काही नाही," म्हणालो आणि उठून आलो.

विमला दारात उभी होती. चाळीत काही लपत नाही. तिने सरळ विचारलं, "बाबा, रविवारचं काय?"

तिचा चेहरा बघून मी म्हटलं, "ठरल्याप्रमाणे."

रविवारी साखरपुडा झाला. गुणाजीने मला पेढा भरवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तोंड उघडलं आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहिलो, तो नजर वळवतो का ते. त्याने वळवली नाही. त्याचंही मला बरं वाटलं नाही.